कामगार, भांडवल आणि कायद्यातील आकडे

सन २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कचेरीत आला. शाळा सोडल्याचा त्याचा दाखला गहाळ झाला होता आणि त्याची दुसरी प्रत त्यास हवी होती. बोलता बोलता असे कळले की, यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात तो चौदा वर्षे एकाच छपराखाली, बहुतेक एकाच यंत्रावर काम करीत आला आहे. ह्या अवधीत ठेकेदार तीन झाले, आणि प्रत्येक ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्याचे नाव जणू काल आलेल्या माणसासारखे नव्याने चढले. नेमणुकीचा कागद त्यास कोणीच दिला नव्हता. "सर, माझ्या नावाचा पक्का कागद म्हणाल तर तो तुमच्या शाळेचाच," असे तो हसून म्हणाला.

त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्याच्या २१ तारखेस, भारत सरकारने कामगारविषयक चार नव्या संहिता अमलात आणल्या. वर्तमानपत्रांत त्यांविषयी पुष्कळ मजकूर आला. परंतु तो बहुधा मालक आणि वकील ह्यांच्या उपयोगाचा होता. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण दोन-चार वर्षांत कोठे ना कोठे कामास लागतील, आणि पालकांपैकी बहुतेक आजच कामावर आहेत. म्हणून ह्या अंकात ह्या विषयाचा थोडा अभ्यास करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. वेतन संहिता संसदेने २०१९ साली मंजूर केली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती ह्या विषयांवरील तीन संहिता २०२० साली मंजूर झाल्या. मग त्या २०२५ पर्यंत लागू का झाल्या नाहीत? नागरिकशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की, संसदेने संमत केलेल्या विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणजे कायदा झाला. हे खरे, परंतु कायदा होणे ही एक गोष्ट आणि तो अमलात येणे ही दुसरी. अमलाची तारीख पुष्कळदा सरकारने राजपत्रात स्वतंत्रपणे जाहीर करावयाची असते. शिवाय कामगारांचा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टातील समवर्ती सूचीत असल्यामुळे केंद्र व राज्ये ह्या दोघांनाही त्यात अधिकार आहे, आणि राज्यांनी आपापले नियम करावे लागतात. ह्या खटपटीत पाच वर्षे गेली. ह्या चार संहितांनी मिळून २९ जुने कायदे आपल्या पोटात घेतले. त्यांत १९२६ चा कामगार संघांचा कायदा, १९४७ चा औद्योगिक कलहांचा कायदा, १९४८ चा किमान वेतनाचा व त्याच वर्षीचा कारखान्यांचा कायदा अशी जुनी व वजनदार नावे आहेत.

आता मुख्य विषयाकडे वळू. कामगारांचा कोणताही कायदा उघडून पाहिला तर त्यात प्रारंभीच एक आकडा आढळतो: इतकी माणसे जेथे कामास असतील तेथे हा कायदा लागू. वाचणारा त्यावरून सहज पुढे जातो. परंतु सगळा कायदा ज्या दारातून आत जावयाचे ते दार म्हणजे हा आकडाच होय. दाराच्या आत असणाऱ्यास छप्पर आहे. बाहेर असणाऱ्यास तेच पाणी अंगावर घ्यावे लागते.

ह्या आकड्याचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो. हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढाच काय तो त्याचा सारांश. सात वर्षांचे मूल म्हणजे आपल्या दुसऱ्या इयत्तेतील मूल, हे वाचकांनी क्षणभर मनात आणावे. तो कायदा जेथे १०० किंवा त्याहून अधिक माणसे असतील तेथेच लागू होता. तो व्हावा म्हणून आग्रह धरणारांत दयाळू माणसे होती, तसेच मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती घेतलेले मँचेस्टरचे गिरणीमालकही होते. चांगला कायदा नेहमी निर्मळ हेतूनेच जन्मास येतो असे नाही.

पुढे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांची सभा स्थापिली, 'दीनबंधु' पत्रातून त्यांची गाऱ्हाणी मांडली, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळविली. आम्हा ख्रिस्ती शाळेतील मंडळींस रविवार हा उपासनेचा वार म्हणून ठाऊक. लोखंडे ह्यांच्या मनात तो खंडोबाचा वार होता. सुट्टी मात्र सर्वांस मिळाली. १८९१ च्या दुरुस्तीने १०० चा आकडा ५० वर आला. १९२२ साली तो २० वर आला. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने जेथे विजेचे किंवा इतर शक्तीचे यंत्र चालते तेथे १० आणि जेथे ते नाही तेथे २० असा तो ठरला. म्हणजे सदुसष्ट वर्षे हे दार सतत रुंद होत गेले. नव्या संहितेत 'कारखाना' ह्या शब्दाची व्याख्या करताना हेच आकडे २० आणि ४० असे केले आहेत. नवी संहिता एरवी दहा माणसांच्या आस्थापनेसही लागू आहे हे खरे. परंतु कारखान्यांसाठी म्हणून ज्या विशेष तरतुदी आहेत त्यांचे दार दीडशे वर्षांत प्रथमच सर्व देशासाठी अरुंद झाले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

सर्वांत अधिक वाद मात्र दुसऱ्याच एका आकड्याविषयी झाला. माणसे कमी करावयाची, तात्पुरते काम थांबवावयाचे किंवा कारखाना कायमचा बंद करावयाचा, तर मालकाने आधी सरकारची परवानगी काढावी, असा नियम १९७६ साली आणीबाणीच्या काळात औद्योगिक कलहांच्या कायद्यात घातला गेला. तो कारखाने, खाणी व मळे ह्यांस लागू होता आणि त्या वेळचा आकडा ३०० होता. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने तो १०० वर आणला. ही दुरुस्ती १९८४ साली अमलात आली. हे १९८२ साल म्हणजे मुंबईच्या गिरणी संपाचे साल. १८ जानेवारीस सुमारे अडीच लक्ष कामगार दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली कामावरून उतरले. त्यांतील पुष्कळांस पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकावयास मिळाला नाही. नव्या संहितेने १०० चा आकडा पुन्हा ३०० केला आहे. राजस्थानाने हा बदल आपल्यापुरता २०१४ सालीच केला होता.

मालकपक्षाचे म्हणणे आपण नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात: ज्या कारखान्यात ९९ माणसे आहेत तेथे शंभरावे माणूस घेण्यास मालक भितो, कारण मागणी घटली तर ते माणूस कमी करण्यासाठी सरकारदारी खेटे घालावे लागतील. म्हणून तो एक मोठा कारखाना काढण्याऐवजी दोन लहान काढतो, किंवा माणसे ठेकेदाराकडून घेतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. आमचा तो माजी विद्यार्थी ह्याचेच उदाहरण होय. ज्या कायद्याने त्याचे रक्षण करावयाचे त्याच कायद्याच्या धास्तीने त्यास दाराबाहेर ठेविले. आपल्या देशात दर दहा कामकऱ्यांपैकी सुमारे नऊ असंघटित अवस्थेत आहेत. त्यांस १०० काय आणि ३०० काय, सारखेच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दोनशे माणसांच्या कारखान्यात ज्यास पूर्वी सरकारी परवानगीचा आधार होता, त्याचा तो आधार आता गेला. लोक समजतात त्याप्रमाणे त्याची भरपाई मात्र गेलेली नाही: एक महिन्याची सूचना, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, हा त्याचा हक्क पूर्ववत आहे. शिवाय कमी केलेल्या कामगारास नवे काम शिकता यावे म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम एका निधीत भरावी, असे नव्याने ठरविले आहे. पंधरा दिवसांच्या पगारात चाळीस वर्षांचा माणूस कोणती नवी विद्या शिकेल हा प्रश्न आम्ही विचारून ठेवितो. आणि ह्याहून आम्हास खटकते ते एक वाक्य, जे संहितेत अगदी सहज येऊन गेले आहे. तीनशे, किंवा सरकार जाहीर करील असा त्याहून मोठा आकडा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे उद्या हा आकडा पाचशे किंवा हजार करावयाचा झाला तर विधिमंडळात चर्चा होण्याची गरज नाही. राजपत्रातील एक सूचना पुरे. ज्या आकड्यावर सहस्रावधी संसार उभे आहेत तो इतक्या सहजासहजी हलविता यावा, हे आमच्या मते बरे नाही.

हा आकडा वाढावा अशी मागणी मुख्यत्वे भांडवलाच्या बाजूने आली. म्हणून भांडवलाच्या कायद्याकडेही थोडे पाहू. तेथेही आकड्यांचेच राज्य आहे. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा सामान्यतः शेकडा ४० वर आणावा असे ठरविले. तेव्हा कोका-कोला १९७७ साली व आयबीएम १९७८ साली देश सोडून गेल्या. पुढे १९९१ च्या जुलै महिन्यात गंगाजळी आटल्यावर सरकारने धोरण फिरविले आणि ३४ उद्योगांत शेकडा ५१ पर्यंत परदेशी भांडवल विनासायास येऊ दिले. १९७३ चा कडक कायदा जाऊन त्याच्या जागी १९९९ चा सौम्य कायदा २००० साली अमलात आला.

आता विम्याच्या धंद्याचे उदाहरण घ्या. गणिताच्या विद्यार्थ्यांस ते आवडेल. ह्या धंद्यात परदेशी हिश्शाची मर्यादा १९९९ च्या कायद्याने शेकडा २६ होती. ती २०१५ साली ४९, २०२१ साली ७४ झाली, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ती १०० करण्यास मान्यता दिली. हे आकडे असे विचित्र का? २५ नव्हे, ५० नव्हे, ७५ नव्हे? कंपनीच्या सभेत साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी पास होतो. परंतु महत्त्वाच्या विशेष ठरावास तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणून ज्याच्याजवळ पावाहून थोडा अधिक हिस्सा आहे तो एकटाच विशेष ठराव अडवू शकतो. २६ म्हणजे अडविण्याची शक्ती. ४९ म्हणजे निम्म्यास एक कमी, अर्थात धन्याची खुर्ची अजून देशी मालकाकडे. ७४ म्हणजे खुर्ची परदेशी मालकाकडे, पण अडविण्याची शक्ती देशी मालकाच्या हाती शिल्लक. आणि १०० म्हणजे देशी सोबत्याची गरजच उरली नाही. एकेक पायरी चढावयास किती वर्षे लागली हे वजाबाकीने काढून पाहावे.

कामगारांचे कायदे सैल केले म्हणजे भांडवल आपोआप धावत येते काय? ह्यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. आम्हास वाटते की, कारखाना काढणारा प्रथम वीज, रस्ता, बंदर, जमिनीचा निर्वेध हक्क आणि न्यायालयातील निकालाची मुदत पाहतो. माणूस काढण्याची सोय तो मागाहून पाहतो. तथापि २९ कायद्यांच्या निरनिराळ्या वह्या, निरनिराळे अर्ज आणि एकाच 'मजुरी' शब्दाचे निरनिराळे अर्थ, हा घोळ कमी होणे मालक व मजूर दोघांच्याही हिताचे होते.

त्या 'मजुरी' शब्दाचा नवा अर्थ पालकांनी विशेष समजून घ्यावा. काही ठिकाणी अशी चाल होती की, एकंदर पगार फुगवून सांगावयाचा, पण मूळ पगार लहान ठेवून उरलेले सर्व घरभाडे, प्रवासखर्च अशा भत्त्यांत दाखवावयाचे. कारण ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मूळ पगारावर होई. आता नियम असा की, असे भत्ते एकंदर मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग मजुरीतच धरावयाचा. समजा, एखाद्यास महिन्यास २०,००० रुपये मिळतात. पैकी मूळ पगार ७,००० आणि भत्ते १३,०००. भत्ते निम्म्याहून ३,००० ने अधिक आहेत. ते मूळ पगारात मिळविले म्हणजे हिशेबाची मजुरी १०,००० झाली. ग्रॅच्युइटी काढण्याची रीत अशी: शेवटची मासिक मजुरी गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. दहा वर्षांच्या सेवेस ७,००० वर सुमारे ४०,३८५ रुपये येतात. १०,००० वर सुमारे ५७,६९२ येतात. फरक सतरा हजारांहून अधिक आहे. मात्र निधीची वर्गणीही मोठ्या रकमेवर कापली गेल्यास महिन्याकाठी हाती येणारा पैसा थोडा घटेल. तेव्हा पगार कापला म्हणून कोणी एकदम घाबरून जाऊ नये, आधी पगारपत्रक वाचावे.

ठराविक मुदतीच्या नेमणुकीविषयीही असेच दुहेरी बोलावे लागते. कायम नोकरास ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे सेवा लागते. मुदतीच्या नोकरास आता एका वर्षानंतर ती मिळेल, आणि तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतका पगार व सवलतीही मिळतील. परंतु मुदत संपली म्हणजे नोकरी संपली. ती कपात समजली जात नाही, म्हणून वर सांगितलेली सूचना नाही आणि भरपाईही नाही. एकाच माणसास अशी मुदत किती वेळा लावावी ह्यास संहितेने मर्यादा घातलेली नाही. आमच्या मुलांपैकी ज्यांस पहिली नोकरी मिळेल त्यांपैकी अनेकांची अशीच असेल. तेव्हा सही करण्यापूर्वी मुदतीची तारीख पाहून घ्यावी.

दुचाकीवरून जेवणाचे डबे व पार्सले पोहोचविणाऱ्या तरुणांचे नाव सामाजिक सुरक्षेच्या संहितेत प्रथमच आले आहे. ज्या कंपन्या मोबाइलवरून ही कामे वाटून देतात त्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या शेकडा १ ते २, पण कामकऱ्यांस दिलेल्या रकमेच्या शेकडा ५ हून अधिक नाही, इतकी वर्गणी एका निधीत द्यावयाची आहे. नाव आले हे चांगले झाले. मात्र त्या तरुणांस 'कामगार' म्हटलेले नाही. म्हणून किमान वेतनाचा किंवा कामाच्या तासांचा हक्क त्यांस अद्यापि नाही.

संपाविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी पाणी, वीज, रेल्वे अशा लोकोपयोगी सेवांतच संपापूर्वी सूचना देणे आवश्यक होते. आता सर्व उद्योगांत १४ दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच समजला जातो. बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनांनी ह्यास विरोध केला आणि ९ जुलै २०२५ रोजी देशव्यापी संपही केला. स्त्रियांस त्यांच्या संमतीने रात्रपाळीस घेता येईल अशीही तरतूद झाली आहे. ती सोयीची ठरेल की जाचाची, हे कारखान्याच्या दारापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे व वाहन आहे की नाही ह्यावर अवलंबून राहील.

मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी पवित्र शास्त्राच्या तासाला वाचले आहे. नव्या संहितेची मुदत इतकी कडक नाही: महिनेवारी पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि नोकरी सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसाचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत, असा नियम आहे. पूर्वी ठराविक रकमेहून अधिक पगार असणारास वेळेवर पगाराचा कायदा लागू नव्हता. आता तो सर्व नोकरांस लागू झाला आहे.

ह्या साऱ्यांत आम्हास सर्वांत मोलाची वाटलेली तरतूद मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारशी झळकली नाही. प्रत्येक नोकरास नेमणूकपत्र दिलेच पाहिजे, आणि ज्यांस पूर्वी दिलेले नाही त्यांस संहिता अमलात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत दिले पाहिजे, असे कामाच्या स्थितीविषयीची संहिता सांगते. हक्क पुष्कळ असले तरी नोकरी होती हेच सिद्ध करता आले नाही तर ते मागावयाचे कोणत्या तोंडाने? पाच वर्षे सेवा झाली म्हणून ग्रॅच्युइटी मागणारास प्रथम पाच वर्षे दाखवावी लागतात. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, नेमणूकपत्र, पगारपत्रके, हजेरीचे कार्ड, बँकेचे पुस्तक ही सर्व एका पिशवीत घालून शाळेच्या दाखल्याइतकीच जपून ठेवावी; आणि मिळालेला कागद इंग्रजीत असून समजत नसेल तर घरातील मुलाकडून तो वाचून घ्यावा. मुलासही इंग्रजीचा एक धडा होईल.

तो आमचा माजी विद्यार्थी नाताळाच्या सुट्टीनंतर पुन्हा आला. ह्या वेळी त्याच्या हाती ठेकेदाराने दिलेले एका पानाचे नेमणूकपत्र होते आणि ते आम्ही त्यास वाचून दाखवावे अशी त्याची इच्छा होती. नाव बरोबर होते, पगार बरोबर होता, हुद्दाही लिहिला होता. कामावर रुजू झाल्याची तारीख मात्र १ डिसेंबर २०२५ अशी होती. आम्ही ती ओळ त्यास दोनदा वाचून दाखविली. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले, मग विचारले की, जुन्या दोन ठेकेदारांच्या वेळचे बँकेचे पुस्तक घरी आहे, ते चालेल काय. चालेल, असे आम्ही सांगितले, आणि तारीख दुरुस्त करून मिळावी असा अर्ज त्याच टेबलावर बसून त्यास लिहून दिला.